डेल्मर स्ट्राउडचे कान

"आता काही वेगळं ऐकू येतंय का, मिस्टर स्ट्राउड?" दवाखान्यातल्या मुलीने विचारलं.

डेल्मरने आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. "ही करकर कसली चालली आहे?"

"कुठली?"

"ही काय. सारखी येतेय."

मुलगी हसली. "तुमच्या जॅकेटच्या बाह्या एकमेकींना घासतायत. नवीन आहे वाटतं?"

"नवीन कुठलं," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून ओनेटा म्हणाली. "जॅकेट जुनंच आहे. ह्याला ते आज ऐकू आलं एवढंच."

डेल्मरने हात वर केला, खाली केला. करकर झाली. मग तो बायकोकडे वळून म्हणाला, "तुझा आवाज एवढा बारीक होता का गं?"

"होताच की. तुझ्याशी बोलताना मोठा करावा लागायचा."

शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये डेल्मरचा जन्म गेला होता. डिझेल इंजिनांच्या पोटात डोकं घालून त्याने तालुक्यातल्या दोन पिढ्या शाळेत पोचवल्या आणि त्या बदल्यात कान दिले. उरलेसुरले कान बंदुकीने घेतले. कानात मशीन घाल म्हणून ओनेटा कधीपासून मागे लागली होती. तो म्हणायचा, "ऐकण्यासारखं कोण काय बोलतंय?" या वसंतात मात्र तो आपण होऊन कबूल झाला. कारण माणसांशी संबंधित नव्हतंच. त्याला टर्की पक्षी ऐकायचे होते.

एप्रिलमध्ये, ओकला उंदराच्या कानाएवढी पानं फुटली आणि उतारावर डॉगवुडचं झाड फुलांनी पांढरं झालं की रानटर्कीचा नर पहाटे झाडावरून साद घालतो. घशात गोट्या खुळखुळाव्यात तशी ती साद घळीतून घुमत येते आणि ऐकणाऱ्याच्या पाठीवर काटा उभा राहतो. आमच्या डोंगरात शिकार म्हणजे मुख्यतः हेच. अंधारात झाडाला टेकून बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि तो उत्तर देतो का ते ऐकायचं. बंदुकीचं काम शेवटी, तेही दरवेळी येतंच असं नाही. डेल्मरकडे तळहातावर मावेल अशी गोल पाटी होती आणि सीडरच्या लाकडाची काडी. काडी पाटीवर घासली की टर्कीची मादी बोलायची. गेली काही वर्षं तो पाटी घासत होता, पण उत्तर ऐकू येत नव्हतं.

उत्तर नव्हतं असं मात्र नाही. ओनेटाला ऐकू यायचं. पहाटे ओसरीवर कॉफीचा मग धरून ती उभी राहायची आणि बोट दाखवायची. "तो बघ. पाण्याच्या टाकीच्या वर, डोंगराच्या धारेवर. दोनदा बोलला." मग डेल्मर बूट चढवून, बंदूक खांद्याला अडकवून तिकडे चढायचा. उन्हं वर येईपर्यंत बसायचा. काही यायचं नाही. पक्षी कुठल्या बाजूने सरकतोय तेच कळत नाही, बहिऱ्याने कसली शिकार करावी, असं स्वतःला बोलत तो खाली यायचा.

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी कानात मशीन घालून तो उजाडायच्या आधी धारेवर गेला. वाटेतच त्याला थांबावं लागलं. तळ्याकडून बेडकांचा असा गजर चालला होता की पाय पुढे पडेना. हे इतकी वर्षं चालूच होतं तर. पुढे बुटांखाली वाळली पानं बोलत होती. स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो म्हाताऱ्या माणसाचा होता. ओकला टेकून बसल्यावर रातपक्ष्याची एकसुरी हाक थांबली, लाल कार्डिनल पक्षी गायला लागला, लांब कुठे सुतार पक्षी खोडावर ठकठकला. पूर्वेला फटफटल्यावर घळीच्या तोंडाशी घुबड बोललं. घुबड बोललं की टर्कीला राहवत नाही, तो चिडून उत्तर देतोच. डेल्मर श्वास धरून बसला.

कावळे बोलले. खालच्या रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला, त्याचा गिअर बदललेला ऐकू आला. त्याने पाटी काढली आणि घासली. आपल्या पाटीचा आवाज इतका गोड आहे हे तो विसरून गेला होता. पुन्हा घासली. समोर, घळीपलीकडच्या हॉलिस टीगच्या धारेवर ऊन उतरलं, मग घळीत उतरलं. सगळं रान बोलून झालं. टर्की बोलला नाही.

घरी आला तेव्हा ओनेटा शेगडीशी उभी राहून ग्रेव्ही ढवळत होती. बिस्किटं, म्हणजे न्याहारीचे मऊ पाव, भाजल्याचा वास येत होता.

"ऐकलास का?" पाठमोरीच ती म्हणाली.

"बेडूक ऐकले." तो टेबलाशी बसला. "घुबड ऐकलं. टँकर ऐकला."

ती ढवळत राहिली.

"ओनेटा, तू शेवटचा कधी ऐकलास?"

"काय?"

"तुझे कान चांगले आहेत. मला मोठ्याने विचारायला लावू नकोस."

तिने गॅस बारीक केला. वळली नाही. "तुझ्या ऑपरेशनच्या आधीच्या वसंतात. एकच होता. नंतर नाही."

"आणि टाकीच्या वर? आणि मिलर्सच्या कुंपणाशी? मागच्या साली तू म्हणालीस तीन आहेत."

"म्हणाले खरी."

"मी तिथे जाऊन बसायचो, बाई."

"हो, त्यासाठीच म्हणायचे." आता ती वळली. हातात चमचा तसाच होता. "छाती शिवून तुला घरी आणला तेव्हा डॉक्टर म्हणाले रोज चालवा, चढ चढू द्या. तू त्या खुर्चीतून उठत नव्हतास, डेल्मर. पडदेसुद्धा उघडू द्यायचा नाहीस. जेवायला हाक मारली तर म्हणायचास ठेव तिथे. एका सकाळी मी ओसरीवर गेले आणि आत येऊन म्हटलं, धारेवर नर बोलतोय. मला वाटलं तू ऐकायचाही नाहीस. तू उठून बूट घातलेस." ती थांबली. "मग दुसऱ्या दिवशी काय सांगायचं? की आज नाही बोलला?"

डेल्मरने बिस्किट फोडलं आणि तसंच ठेवलं. राग आला होता, पण त्या रागाला बसायला जागा मिळत नव्हती. चार वसंत त्याने कानांना शिव्या दिल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या शिव्यांत एक सुखही होतं. दोष आपल्या कानांत आहे तोवर डोंगरात सगळं जिथल्या तिथे आहे असं माणसाला वाटत राहतं.

"मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हवं होतं," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात ग्रेव्ही वाढली.

दुपारी तो हॉलिस टीगकडे गेला. हॉलिस घळीच्या पलीकडे राहायचा. दोघांनी पहिला टर्की एकाच सकाळी मारला होता, तेव्हा दोघांना मिसरूडही नव्हतं. लाकूड कापायच्या कारखान्यातल्या भुशाने हॉलिसची फुफ्फुसं खाल्ली होती. नाकात प्राणवायूची नळी आणि शेजारी नळकांडं घेऊन तो आता ओसरीवरच बसून असायचा. हंगामात पुतण्या त्याला पिकअपने धारेच्या माथ्यावर नेऊन सोडायचा. त्याच्या बाजूने वरपर्यंत गाडी जाते.

"कान घातलेस म्हणे," हॉलिस म्हणाला. "आता चर्चमध्ये झोपायची पंचाईत."

"हॉलिस, तुझ्या धारेवर टर्की आहेत का रे?"

"माझ्याकडे कुठले? सगळे तुझ्याकडे सरकलेत ना. ओनेटा दर रविवारी सांगते." दोन वाक्यांमध्ये त्याला दम घ्यावा लागत होता. "मी म्हणतो असू देत. निदान तुझ्याकडे तरी आहेत, डेल्. माझं काय, बसून राहतो आणि तुझ्याकडचा एखादा चुकून इकडे येईल म्हणून वाट बघतो."

डेल्मर त्याला सांगायला आला होता. सांगावं लागलंच. हॉलिसने ऐकून घेतलं. मग त्याने नळी नाकात नीट बसवली आणि रॅकूनना शिव्या द्यायला सुरुवात केली. रॅकून अंडी खातात. मग ससाण्यांना, मग कोंबड्यांचं खत शेतात टाकून रोग पसरवणाऱ्यांना आणि शेवटी वन्यजीव खात्याला. खात्यावर तो बराच वेळ राहिला.

त्याच खात्याने ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गावाची सभा घेतली. केंड्रा विल्सी नावाची पक्ष्यांची अभ्यासक आली होती. गोरी, उन्हाने नाक सोललेली, पस्तिशीची बाई. शेडमध्ये पंखे होते तरी माणसं टोप्यांनी वारा घेत होती. तिने सरळच सांगितलं. पिल्लं जगत नाहीयेत. एका मादीमागे उन्हाळ्याअखेर एखादंच उरतं, कधी तेही नाही. पुढच्या वर्षी हंगाम एक आठवडा उशिरा सुरू करायचा आणि माणशी दोनऐवजी एकच नर, असा खात्याचा विचार होता. माद्यांशी जुळायच्या आधीच नर मारले जातात, ते तरी थांबेल.

"आणि रॅकून?" मागून कोणी विचारलं. "कातडी कोणी घेत नाही म्हणून सापळे कोणी लावत नाही. त्यांना कोण आठवडा उशिरा यायला सांगणार?"

लोक हसले. केंड्राही हसली. "सापळे लावा, मी नको म्हणत नाही. पण एकच कारण असतं तर मी पोस्टकार्डावर लिहून पाठवलं असतं. खरं सांगते, आम्हालाही सगळं कळलेलं नाही. रानाला आग लागत नाही म्हणून सीडर दाटलाय. कुरणात गवताची अशी गादी झालीय की मुठीएवढं पिल्लू त्यातून चालूच शकत नाही. वसंतात पाऊस लांबतो, पिल्लं भिजून मरतात. यातला पाऊस माझ्या हातात नाही. हंगाम आहे."

हॉलिस पहिल्या रांगेत होता. तो उठला नाही, त्याने फक्त हात वर केला, आणि शेड शांत झालं, कारण त्याला बोलायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाई, तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी आठवडाभर उशिरा." तो थांबला. "मला पुढचं वर्ष मिळणार की नाही तेच माहीत नाही. डॉक्टरही सांगत नाही. तुम्ही माझ्या हिशोबातला आठवडा काढून घेताय."

केंड्राने खाली पाहिलं. 

तेव्हा डेल्मर उभा राहिला. सभेत बोलणारा माणूस नव्हता तो. "माझ्या आज्याच्या वेळी लोकांनी इथला शेवटचा टर्की मारून खाल्ला," तो म्हणाला. "माझ्या बापाने तरुणपणी एकही पाहिला नव्हता. त्याने पहिला पाहिला तो याच खात्याने बाहेरून आणलेल्या खोक्यातून निघताना. मी शाळेत जात होतो. त्याने मला खांद्यावर घेतलं होतं. झाकण उघडलं, पक्षी निघाले आणि धारेवरून उडून गेले. त्यानंतर किती वर्षं इथे कोणी बंदूक उचलली नाही. बाप पहाटे ओसरीवर बसून नुसतं ऐकायचा." त्याने कानाला हात लावला. "मला वाटलं होतं माझे कान गेलेत. कान गेलेतच. पण मशीन घालून जाऊन बसलो. कान नव्हे ते, टर्की गेलेत. आठवडा द्यावा, असं मला वाटतं."

तो बसायच्या आतच हॉलिस म्हणाला, "तुझ्या बापाला फुफ्फुसं होती, डेल्."

सभा संपल्यावर डेल्मर त्याच्याकडे गेला, पण पुतण्या त्याची चाकांची खुर्ची ढकलत पिकअपकडे निघाला होता आणि हॉलिसने मान वळवली नाही. त्या रविवारी चर्चमध्ये तो पलीकडच्या बाकावर बसला. नाताळातही ओनेटाने पाठवलेली पेकानची मिठाई पुतण्यानेच दारात घेतली.

"जाऊन बोल," ओनेटा म्हणायची.

"काय बोलू? मी म्हणालो ते खरं होतं. तो म्हणाला तेही."

हिवाळा सरता सरता डेल्मरने खात्याला आपला दक्षिणेचा उतार जाळू दिला. सीडर आणि गवत जाळून खालची जमीन मोकळी केली की कोवळं उगवतं, किडे येतात, पिल्लांना चालायला वाट होते, असं केंड्राने त्याला समजावलं होतं. वारा पडलेल्या एका सकाळी खात्याची पिवळ्या शर्टांची टोळी आली. डेल्मरच्या हातात त्यांनी ठिणग्या विझवायला लांब दांड्याचा रबरी झोडपा दिला आणि कडेने उभं केलं. आग चढावरून हळू चालत गेली. तडतड त्याला नको इतकी ऐकू येत होती, शेवटी त्याने एक मशीन काढून खिशात टाकलं. सीडर एकेक करून मशालीसारखे पेटले.

खालच्या रस्त्यावर हॉलिसची पिकअप येऊन थांबली. पुतण्या चालवत होता, हॉलिस शेजारी. काच वर होती. धुराने त्याला उतरणं शक्यच नव्हतं. डेल्मरने हात वर केला. गाडी बराच वेळ उभी राहिली. आतून हात हलला की काचेवर धुराची सावली हलली ते त्याला नक्की कळलं नाही. मग गाडी निघून गेली.

काळा उतार पंधरवड्यात कोवळा हिरवा झाला. एका संध्याकाळी ओनेटा कपडे काढायला मागे गेली होती, ती कपडे तसेच टाकून आली.

"डेल्मर, जळक्या उतारावर मादी आहे. एकटीच. चरतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

तिचा चेहरा लाल झाला. "अशा नजरेने बघू नकोस. ही खरी आहे."

तो मागच्या दारापर्यंत पोचला तेव्हा उतारावर कोणी नव्हतं. ओनेटा त्याच्या शेजारी उभी राहिली. "होती रे," ती म्हणाली. "आता मी कितीही सांगितलं तरी तू कसा विश्वास ठेवशील."

"ठेवला," डेल्मर म्हणाला. तो ठेवला की नाही हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

हंगाम आठवडाभर उशिरा उघडला. डॉगवुडची फुलं झडायला लागली होती आणि रान पानांनी भरल्यामुळे समोरची धार दिसत नव्हती. डेल्मर अंधारात चढून ओकला टेकून बसला. बंदूक त्याने आणली होती, मांडीवर आडवी. बेडूक होते. कार्डिनल आला. घुबड या खेपेस बोललंच नाही. फटफटल्यावर त्याने पाटी काढली आणि झाडावरून नुकती जागी झालेली मादी बोलते तशी हलकीच काडी घासली.

पलीकडून मादीने उत्तर दिलं.

डेल्मरच्या शिवलेल्या छातीत धडधडायला लागलं. ओनेटाची मादी. खरीच होती तर. आणि मादी आहे म्हणजे नर जवळपास असणार, या दिवसांत तो तिच्यापासून लांब जात नाही. त्याने थोडं थांबून पुन्हा काडी फिरवली. पलीकडून पुन्हा उत्तर आलं: चार स्वर चढते, एक आखूड, आणि मग मध्येच थांबून, जणू दम खाऊन, शेवटचा एक.

तो ऐकत राहिला. हा थांबा कुठल्याच पक्ष्याचा नव्हता. आणि तो आखूड स्वर त्याच्या ओळखीचा होता. हॉलिस मादीचा आवाज लाकडी डबीवर झाकण घासून काढायचा; ते झाकण लहानपणी एकदा पडून तडकलं होतं, तेव्हापासून चौथ्या स्वरानंतर ते अडायचं. नवीन डबी घे म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं.

म्हणजे पुतण्याने सोडलं होतं त्याला वर. नळकांड्यासकट.

डेल्मरने पाटी खाली ठेवली. हॉलिसलाही कळलं असणार, त्याला ही पाटी कोणाची ते न कळणं शक्य नव्हतं. निदान पहिल्यांदा तरी तोही फसला असेल का? त्या वेळी त्याचीही छाती अशीच धडधडली असेल. घळ शांत होती. खालून ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं आणि पलीकडे काहीच हालचाल नव्हती. कितीतरी वेळ गेला.

मग टीगच्या धारेवरून पुन्हा आवाज आला. हलका, एकदाच, मादी हरवलेल्या सोबतिणीला हाक मारते तसा. त्या आवाजाला नर येत नाही. तो नरासाठी नसतोच.

डेल्मरने बंदूक मांडीवरून उचलून बाजूला, पानांवर ठेवली. बोटं थंडीने आखडली होती, ती त्याने तोंडाजवळ नेऊन ऊब दिली, पाटी पुसली आणि उत्तर दिलं. पलीकडून परत हाक आली. ऊन माथ्यावरून खाली सरकायला लागलं होतं. दोघांच्या मधली घळ अजून सावलीत होती, आणि तिच्यावरून दोन माद्या एकमेकींना हाका मारत राहिल्या.